सव्वा महिन्याची झिनफँडेल

बुलडाण्यात झिनफँडेल कुठे मिळते हे शोधत तुम्ही या पानावर आला असाल, तर आधीच सांगते: मिळते, पण बुलडाण्यात नाही. त्यासाठी घाट उतरावा लागतो, पूर्णा नदी ओलांडावी लागते आणि माझ्यासारखा स्वभाव असेल तर थोडं खोटंही बोलावं लागतं. ज्यांना घाई आहे त्यांनी खाली थेट जळगाव जामोदवर जावं. बाकीच्यांनी माझ्याबरोबर बसमध्ये बसा, शेजारची सीट रिकामीच आहे.

झिनफँडेल म्हणजे लाल वाईन. आमच्या नाशिककडे ही द्राक्षं होतात. चवीला पिकलेलं जांभूळ, गिळताना घशात मिऱ्याची चुणूक, आणि भाव फार खात नाही. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, तिला 'रोजची' म्हणायचा. त्याच्या लेखी वाईनच्या दोनच जाती होत्या, पाहुण्यांची आणि रोजची. पाहुण्यांची कपाटात धूळ खात पडायची. रोजची जेवताना, दोघांना एकेक पेला, ताटात मेथीची भाजी असो नाही तर वांग्याचं भरीत. आम्हाला मूल नाही. त्यामुळे संध्याकाळी कोणाचा गृहपाठ नसायचा, कोणाला लवकर झोपवायचं नसायचं, आणि जेवण तासभर चालायचं. आम्ही दोघांनी आयुष्यभराचा मद्यपरवानाही काढला होता. त्याचाही आयुष्यभराचाच होता.

श्रीकांतला जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी बँकेनं माझी बदली बुलडाण्याला केली. सगळ्यांना वाटलं, निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत, ही हातापाया पडून बदली रद्द करून घेईल. मी उलट वेळेआधी हजर झाले. नाशिकच्या जेवणाच्या टेबलापाशी त्याची खुर्ची होती. इथे मी टेबल घेतलं आणि खुर्ची एकच घेतली.

येताना सोबत रोजचीच्या बाटल्या आणल्या होत्या. तेव्हा कळलं की साडेसातशे मिलीची बाटली हे दोन माणसांचं माप आहे. एकटीनं एकेक पेला घेत गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी उरलेली आंबते. दुसरा पेला घेतला तर संपेल, हे मलाही कळतं. पण दुसरा पेला एकटीनं घ्यायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. त्या दुसऱ्या पेल्याची मला भीती वाटते, उगाच लपवत नाही. त्यामुळे बरीच चांगली वाईन मी बेसिनमध्ये ओतली आहे.

जानेवारीत शेवटची बाटली संपली, आणि मी ओट्यापाशी उभी राहून जेवायला लागले. पातेल्यातून थेट, कधी पोळीत भाजी गुंडाळून. पेला असला की ताट घ्यावंसं वाटायचं, ताट घेतलं की बसावं लागायचं. पेला नाही तर काहीच नाही. पंधरा दिवस उभ्यानं जेवल्यावर एके रात्री खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं आणि चक्क घाबरले. ही बाई उद्या अंघोळसुद्धा कशाला करायची असं म्हणेल. झिनफँडेल शोधायला निघाले ती एवढ्यासाठी. शौक वगैरे शब्द यात आणू नका.

बुलडाण्यातली दुकानं मी आधीच पालथी घातली होती. आमच्या शाखेत गजानन म्हणून कॅशियर आहे, त्याला शेवटी धीर करून विचारलं.

"मॅडम, वाईन शॉप तर लय हायेत गावात."

"त्यात वाईन सोडून सगळं आहे."

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जळगाव जामोदले पाहा. तिकडं एमपीची बॉर्डर हाय. बॉर्डरले सारंच भेटते. पन तुम्ही काऊन जाता? मी आणून देतो ना."

नको म्हटलं. आपल्याच कॅशियरनं आपली बाटली पिशवीतून आणायची, आणि सोमवारी त्याच्याच हिशेबावर आपण सही करायची, हे मला जमलं नसतं.

शनिवार: बुलडाणा ते खामगाव

दुसऱ्या शनिवारची सुट्टी धरून निघाले. बोथा घाटातून जाणारी सकाळची एसटी घ्या, जंगलातला रस्ता आहे आणि बायकांना तिकीट अर्धंच पडतं. थंडीत साग पानं गाळून उभा असतो, त्यामुळे आतपर्यंत दिसतं. 'वन्यप्राण्यांना रस्ता द्या' अशा पाट्या आहेत. मला रस्ता ओलांडताना फक्त एक म्हैस दिसली, तिलाही बसनं मानानं रस्ता दिला. घाट उतरला की हवा बदलते, स्वेटर काढावा लागतो, आणि बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले दिसायला लागतात, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेले.

मधल्या थांब्यावर एक आजी चढल्या. पिंपळगाव राजाच्या, लेकीकडून परत निघालेल्या. बसल्या बसल्या चौकशी सुरू.

"एकल्याच?"

"हो."

"खामगावले कोन हाय तुमचं?"

"कोणी नाही."

"मंग कायले जाऊन राह्यल्या?"

"काम आहे थोडं."

कोणी नसलेल्या गावाला एकटी बाई सुट्टीच्या दिवशी कामाला जाते, हे त्यांना काही पटलं नाही. बराच वेळ त्या माझ्याकडे काळजीनं पाहत राहिल्या. मग पिशवीतून ओल्या हरभऱ्याची जुडी काढून अर्धी माझ्या मांडीवर ठेवली. खामगाव येईपर्यंत आम्ही दोघी घाटे सोलून खात होतो. उतरताना म्हणाल्या, "सांभाळून राह्यजा वो बाई." तीन वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं आणि एसटी स्टँडच्या गर्दीत माझे डोळे भरले.

खामगावच्या दुकानाला लोखंडी जाळी होती. जाळीबाहेर सगळे पुरुष. मी जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी इतकी जागा करून दिली की एक बैलगाडी वळली असती.

"झिनफँडेल आहे का?"

"जिन हाय," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "पन फँडेल कंपनीची नाही."

"जिन नाही हो. झिनफँडेल. वाईन आहे ती."

त्यानं रम, व्हिस्की, ब्रँडी अशा सगळ्या फळ्यांवरून हात फिरवला. "हे सारं वाईनच हाय, मॅडम."

माझ्यामागून एकजण ओरडला, "अबे, मॅडमले काय पाह्यजे थे लवकर दे बे, गाडी सुटून राह्यली माही."

"लाल. द्राक्षाची. आणि लहान बाटली असेल तर बरं, अद्धा चालेल."

"द्राक्षाची खंबाच येते. तिच्यात पव्वा-अद्धा नाही येत." खंबा म्हणजे पूर्ण बाटली. मग तो जरा घुटमळला. "तुमाले एकट्याले खंबा पाह्यजे?"

मी हो म्हणाले. त्यानं स्टूल घेतलं, सगळ्यात वरच्या फळीवरून, ट्यूबलाइटच्या अगदी बुडाशी उभी असलेली एक बाटली काढली आणि शर्टाच्या बाहीनं पुसली. काय सांगू, झिनफँडेल! कोणी घेत नाही म्हणून त्यानं छापील किमतीपेक्षा बरीच कमी लावली. मी ती छातीशी धरून लॉजवर आले.

कॉर्कस्क्रू पर्समध्ये होताच. बूच निघालं ते भुग्याच्या रूपात. वास आला तो लोणच्याच्या बरणीचा. वर्षानुवर्षं उभी राहून बूच वाळलेलं, वरून दिव्याची ऊब, आतल्या वाईनचा पूर्ण सिरका झालेला. तरी मी एक घोट घेतला, कारण आशा वाईट. मग ती लॉजच्या बेसिनमध्ये गेली. तुम्ही घेणार असाल तर लक्षात ठेवा: दुकानात दिव्याखाली किंवा उन्हात उभी असलेली बुचाची बाटली फुकट दिली तरी घेऊ नये. फिरकीच्या झाकणाची घ्यावी, आणि दुकानदाराला ती मागून, अंधारातून काढायला लावावी.

जेवायला स्टँडजवळच्या खानावळीत गेले. दीडशेच्या आत पातोडीचा रस्सा, दोन भाकरी आणि कांदा. बेसनाच्या वड्या आणि वर झणझणीत तर्री. या रश्शाबरोबर ती मिऱ्याची चुणूक काय लागली असती, या विचारानं जास्तच तिखट लागलं. टेबल चौघांचं होतं. वाढप्यानं विचारलं, "अजून कोनी येनार हाय का?" मी नाही म्हटल्यावर त्यानं मांडून ठेवलेले पाण्याचे बाकीचे तीन पेले उचलून नेले.

रविवार: जळगाव जामोद

सकाळी परतच जाणार होते. पण बुलडाण्याच्या बसला वेळ होता आणि नांदुऱ्यावरून जळगाव जामोदला जाणारी समोर लागली होती. चढले. नांदुऱ्यात चहा घ्यायचा असेल तर जारच्या पाण्याचा घ्या. हा पट्टा खारपाणाचा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पुढे येरळीच्या पुलावरून पूर्णा लागते. थंडीत पाणी कमी आणि पात्र मोठं. पूल संपला की उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसायला लागते आणि गावापर्यंत ती सोबत करते. खिडकी डावीकडची धरा.

जळगाव जामोद हे शेतमालाचं गाव. आडत, खतं-बियाणं, कापडाची दुकानं, हातगाड्यांवर संत्री. वाईन शॉपला जाळी होतीच, पण लागूनच त्याच मालकाचं किराणा दुकान होतं. दोन्हींच्या मधे आतून दार. बायका किराण्यात येऊन बसतात, काय हवं ते हळूच सांगतात, आणि शेठ पलीकडून बिल करून ते दारातून देतात. ही सोय मला तिथे गेल्यावर कळली. किराण्यावर शेठची बायको बसली होती. साठीच्या, ठसठशीत कुंकू, समोर तागडी. त्यांचं नाव मी इथे सुमनबाई असं बदलून लिहिते आहे, का ते पुढे कळेल.

खामगावचा धडा घेऊन मी साध्या शब्दांत सांगितलं, "लाल वाईन हवी होती. द्राक्षाची."

सुमनबाईंचा चेहरा एकदम उजळला. तागडी खाली ठेवून म्हणाल्या, "अवो माय! काय झालं, पोरगा का पोरगी?"

मला एक क्षण काही समजेना. मग समजलं. या भागात माझ्या वयाची, नीट साडीतली बाई लाल वाईन मागायला येते ती एकाच कारणासाठी: घरी लेक किंवा सून बाळंत झालेली असते. रक्त भरून यावं म्हणून तिला रात्री दोन चमचे देतात. (डॉक्टर असं काही सांगत नाहीत. वाचकांनी हा प्रयोग करू नये.)

'नाही हो, मलाच हवी आहे,' हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण मागे साबुदाणा घ्यायला दोघीजणी उभ्या होत्या, त्याही हसऱ्या तोंडानं वाट बघत होत्या. आणि खरं सांगू का, माझ्याकडे आनंदाची बातमी असेल असं धरून मला कोणी प्रश्न विचारल्याला युगं लोटली होती. लोक मला विचारतात ते 'बरं आहे ना आता?' असं, मान तिरकी करून.

"मुलगी," मी म्हणाले.

"लक्ष्मी आली!" मागच्या दोघी म्हणाल्या. त्यापुढे मला काही करावंच लागलं नाही.

"पह्यली हाय?"

"पहिलीच."

"मंग बाळंतीण तुमच्यापाशीच असन. नाव काय लेकीचं?"

समोर उदबत्तीचा पुडा होता. त्यावर केतकी लिहिलं होतं. म्हटलं, "केतकी."

सुमनबाईंनी आतल्या दारातून शेठना हाक मारली. "अवो, थे लाल वाली आना. गोड वाली द्या." शेठ म्हणाले, गोड संपली. मग जरा ओशाळून सुमनबाई मला म्हणाल्या, "दुसरी हाय एक. सेल्समननं पेटी गळ्यात मारली. पन गोड नाही वो थे. नेतेत अन् वापस आणून देतेत. बाळंतिणी तोंड वाकडं करतेत म्हनते."

"बघू," मी म्हटलं.

शेठनी गोदामातून, गोणपाटाखालून, दोन बाटल्या आणल्या. गार होत्या. फिरकीचं झाकण. झिनफँडेल. बाळंतिणींनी नाकारलेली सबंध पेटी सातपुड्याच्या पायथ्याशी अंधारात माझी वाट बघत पडली होती. किंमत खामगावपेक्षाही कमी, कारण त्यांना ती कशीतरी घालवायची होती.

"मले एक सांगा," सुमनबाई एकदम थांबल्या. "तुम्ही बाळंतिणीले कोनापाशी सोडून आल्या?"

"शेजारच्या बाई आहेत."

"शेजारची मंजी काही माय नाही होत. दिवेलागणीच्या आंधी घरी पोचजा. तिन्हीसांजेले बाळंतिणीजवळ माय पाह्यजे." त्या उठून आत गेल्या आणि स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू भरून आणल्या. पैसे घेईनात. "सव्वा महिना रोज एक देजा तिले. डबा वापस आणजा मातर." फोन नंबरही लिहून घेतला, उरलेल्या बाटल्या हव्या असल्या तर ठेवता याव्यात म्हणून.

माझा बेत दुपारी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचा होता. रिक्षावालाही ठरवला होता. पण मी घड्याळ बघितलं आणि त्याला नको सांगितलं. हसा खुशाल. दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं म्हणून मी खरंच स्टँडकडे पळत सुटले.

परतीला नांदुरा, मोताळा आणि राजूर घाट असा रस्ता धरा. मोताळ्याच्या पुढे बस चांगलीच आदळते. बाटल्या मी वर्तमानपत्रात आणि शालीत गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या, तरी वाजल्याच.

"फुटनारं काही हाय का, मॅडम?" कंडक्टरनं विचारलं.

"बाळंतिणीचं औषध आहे."

दुसऱ्यांदा किती सहज तोंडातून आलं! त्यानं एका पोराला उठवून मला पुढची सीट दिली. घाटात सूर्य डोंगराआड जायला लागला तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. ड्रायव्हरनं ट्रकमागे बस थांबवली तर मला त्याचा राग आला.

घरी पोचले तेव्हा समोरच्यांच्या तुळशीपाशी दिवा लागत होता. मी कुलूप उघडलं, आणि कडी वाजू नये म्हणून ती हातानं धरून हळूच काढली. दारही हळूच लोटलं. चपला हातात घेऊन आत आले. मग दिवा लावला. टेबल, खुर्ची, फ्रिजचा आवाज. पिशवी हातात धरून मी तिथेच बराच वेळ उभी होते.

त्यानंतर

वाईनचं आधी सांगून टाकते, कारण त्यासाठी तुम्ही इथवर आलात. उत्तम निघाली. त्या रात्री मी भाकरी टाकली, मिरचीचा ठेचा केला, ताट घेतलं, बसले. बाटली उघडल्याबरोबर अर्धी एका स्वच्छ लहान बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली. आत हवा राहिली नाही की ती आणखी आठवडाभर टिकते. एकट्या माणसासाठी ही युक्ती सोन्याची आहे, आणि मला ती आधी का सुचली नाही कोण जाणे. डिंकाच्या लाडवाबरोबर मात्र झिनफँडेल अजिबात जात नाही.

तिसऱ्या दिवशी सुमनबाईंचा फोन आला. "बाळंतीण कशी हाय? औषध घेते ना?"

"घेते. रोज."

"तोंड वाकडं करते?"

"नाही, आवडलं तिला."

"तुमची लेक गुनाची हाय!"

मग फोन येतच राहिले. बाळाला मालिश कोण करतं, रात्री रडतं का, बाळंतिणीच्या कानाला रुमाल बांधता ना. आयुष्यात मी एका बाळाला अंघोळ घातलेली नाही. इंटरनेटवर वाचून ठेवायचे आणि उत्तरं द्यायचे. मला स्वतःची लाज वाटत होती. एका भल्या बाईची माया मी फसवून घेत होते, हे कळत होतं. दर वेळी ठरवायचे की आज सांगून टाकू, आणि दर वेळी त्या "केतकी काय म्हनते?" असं म्हणायच्या आणि माझी जीभ अडखळायची. पण फोन साधारण जेवणाच्या वेळेला येतो म्हणून मी त्या वेळेला ताट घेऊन बसलेली असायचे, हेही तितकंच खरं. उरलेल्या बाटल्या दुसऱ्या खेपेला गजाननकरवीच मागवल्या. निरोप काय द्यायचा ते त्याला पढवलं. तो माझ्याकडे बघत राहिला, पण चांगला मुलगा आहे, काही बोलला नाही.

मग बरेच दिवस फोन नव्हता, तो मागच्या आठवड्यात आला. "झाला ना सव्वा महिना?"

"झाला."

"मंग? गेली का लेक सासरले?"

सुटकेची वाट त्यांनीच काढून दिली होती. आता 'गेली' म्हटलं की संपलं. केतकी नाही, बाळ नाही, खोटं नाही.

"गेली," मी म्हणाले. "काल."

सुमनबाई अगदी हळू म्हणाल्या, "आता घर खायले उठत असन."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. डोळे भरून येणं वेगळं. हे तसं नव्हतं. श्रीकांत गेला तेव्हा लोकांसमोर मी सावरलेली होते, सगळ्यांनी कौतुक केलं होतं किती धीराची म्हणून. हा प्रश्न मला तेव्हा कोणी विचारला नव्हता. "हो," मी म्हणाले, "खायला उठतं. संध्याकाळी फार उठतं हो."

"रडा. रडून घ्या," त्या म्हणाल्या. "माही पोरगी गेली तवा मी पंधरा दिस चुलीपाशी उभ्यानंच खाल्लं. पाट घेऊ नाही वाटे. तुमचंबी तसंच होऊन राह्यलं असन."

माझ्या हातात त्या वेळी पोळीचा तुकडा होता आणि फोन बंद होता त्या दिवसांत लागलेल्या सवयीनं मी पुन्हा ओट्यापाशी उभी होते.

"बसून जेवजा," सुमनबाई म्हणाल्या. "ताट घेऊन बसजा. अन् थे औषध उरलं असन तर दोन चमचे तुम्हीच घेत जा. लेक गेली की मायलेबी लागते थे."

फोन ठेवल्यावर मी ताट घेतलं, पेला भरला आणि बसले. जेवण तासभर चाललं.

प्रवासाचा हिशेब लिहायचा तर जाण्यायेण्याचं भाडं किरकोळ, खामगावचं लॉज हजाराच्या आत, एक बाटली वाया, आणि पुढे भरपूर जमा. सातपुडा लांबूनच पाहिला. पण माझ्या ओट्यावर तो स्टीलचा डबा घासून पालथा घातलेला आहे, झाकणावर सुईनं कोरलेलं त्यांचं नाव आहे, आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो हे मला माझ्या आईनं शिकवलं आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी मी पोह्यांचा चिवडा करून तो भरणार आहे आणि स्वतः घेऊन जाणार आहे. त्यांच्यासमोर बसून, केतकी नावाची उदबत्ती दाखवून, सगळं सांगणार आहे. त्या चिडल्या तर त्यांचा हक्क आहे. झिनफँडेल बंद झाली तरी चालेल, फोन बंद झाला तर काय करायचं ते मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणी माझ्याआधी त्या बाजूला गेलं, लाल बाटली मागितली आणि तागडीमागच्या बाईंनी विचारलं की बुलडाण्याच्या मॅडम कशा आहेत, तर कृपा करून केतकीचं काही बोलू नका, ते माझं मी सांगेन. एवढंच सांगा की मॅडम बसून जेवतात.